संगणकानें डोळा केव्हां मिटावा?

संगणकासमोर बसलेला मनुष्य उठून गेला, ही साधी गोष्ट संगणकास कळत नाहीं. खोलींत कोणी नसेल तर घरांतील शाळकरी मूलही दिवा मालवून बाहेर येतें. पण हिशेबांत भल्याभल्यांस मागें टाकणारें हें यंत्र रिकाम्या खुर्चीपुढें रात्रभर उजेड पाडीत बसतें. ज्या यंत्रांना हल्लीं कॅमेऱ्याचा डोळा असतो, त्यांचाही तो डोळा या कामीं सहसा उघडा नसतो. धनी जाग्यावर आहे याची यंत्रास एकच खूण ठाऊक : कळफलकावरची एखादी कळ दाबली गेली, किंवा माऊस हलला. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावरून धनी आहे कीं गेला याचा निकाल त्याला द्यावयाचा असतो, आणि विजेची बचत त्या निकालावर अवलंबून राहते.

ही बचत किती, हें आधीं पाहिलेलें बरें. समजा, एखाद्या कचेरींतील संगणक व त्याचा पडदा मिळून, कोणी काम करीत नसतांनाही, ८० वॅट वीज घेतात. संध्याकाळीं सहापासून सकाळीं दहापर्यंत १६ तास तो तसाच राहिला, तर १,२८० वॅट-तास, म्हणजे सव्वा युनिटाहून थोडी अधिक वीज एका रात्रींत खर्च झाली. तोच संगणक झोपविला तर दोन-तीन वॅटांवर त्याचा निर्वाह होतो. मग वीस रात्रींचा खर्च मिळूनही एक युनिट भरत नाहीं. एका घराच्या बिलांत हा फरक डोळ्यांत भरणार नाहीं, पण शंभर संगणकांच्या इमारतींत तो रोजचा सव्वाशे युनिटांचा होतो, आणि त्यांतून कोणाचें एक अक्षरही लिहून होत नाहीं.

या प्रश्नाचा उगम मात्र विजेच्या काटकसरींत नाहीं. पूर्वींचे पडदे म्हणजे कांचेच्या मोठ्या नळ्या असत. कांचेच्या आंतल्या अंगास फॉस्फरचा लेप दिलेला असे, आणि त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत आदळला म्हणजे अक्षरें उजळत. एकच मजकूर तासन् तास एकाच जागीं राहिला तर तेथील लेप झिजे, आणि पडदा बंद केल्यावरही त्या अक्षरांच्या फिकट सावल्या कायमच्या दिसत. यावर उपाय म्हणून जॉन सोचा या अमेरिकन गृहस्थानें डिसेंबर १९८३ मध्यें 'सॉफ्टॉक' मासिकांत एक लहानसा प्रोग्रॅम छापला. तीन मिनिटें कोणी कळफलकास हात लावला नाहीं तर तो पडदा काळा करी. एवढेंच त्याचें काम. पुढें लोकांना काळा पडदा कंटाळवाणा वाटूं लागला. १९८९ मध्यें मॅकिंटॉशसाठीं 'आफ्टर डार्क' नांवाचा संग्रह निघाला, आणि त्यांतले पंख लावून उडणारे पाव भाजण्याचे टोस्टर जगभर गाजले.

येथेंच एक गैरसमज रुजला, आणि तो अजून पुरता गेलेला नाहीं. 'स्क्रीनसेव्हर' म्हणजे पडदा वांचविणारा. तो वीज वांचवितो, असें त्याच्या नांवांतही कोणी म्हटलेलें नाहीं. उडते टोस्टर रंगविण्यास यंत्रास उलट कामच करावें लागतें. नळीचे पडदे जाऊन सपाट एलसीडी पडदे आले तेव्हां तर मूळ कारणही बव्हंशीं उरलें नाहीं; आणि या पडद्यांत चित्र काळें केलें तरी त्याच्या पाठीमागचा दिवा जळतच असतो. खिडकीवर काळा पडदा ओढून आंतला दिवा मालवला असें समजण्यासारखेंच तें होय. आतां जे ओएलईडी पडदे आले आहेत, त्यांत प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो, तेव्हां तेथें काळ्या चित्रास वीज जवळजवळ लागत नाहीं, आणि झिजेचें जुनें दुखणेंही पुन्हां उद्भवलें आहे.

वीज वांचविण्याचा विचार खऱ्या अर्थानें सुरू झाला तो १९९२ मध्यें. त्या वर्षीं अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें 'एनर्जी स्टार' हें चिन्ह काढलें, आणि तें प्रथम संगणक व त्यांचे पडदे यांनाच लावण्यांत आलें. दुसऱ्या वर्षीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं सरकारी कचेऱ्यांनीं असेच संगणक घ्यावे असा हुकूम काढला, त्यामुळें कारखानदारांनाही तें मनावर घेणें भाग पडलें. चित्राबरोबर जाणारे तालाचे संकेत थांबवून पडद्यास "आतां विसावा घे" असें कळविण्याची सर्वमान्य पद्धतही १९९३ चीच. म्हणजे हुकूम पोंचविण्याची सोय झाली. हुकूम केव्हां सोडावा हा प्रश्न उरला.

हातांचा मागोवा कसा घेतला जातो? यंत्राचा सर्व कारभार पाहणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम, तिला आपण कारभारी म्हणूं. प्रत्येक कळ आणि माऊसची प्रत्येक हालचाल या कारभाऱ्याच्या हातून जाते, आणि शेवटची खूण केव्हां मिळाली याची नोंद तो ठेवतो. विंडोजमध्यें २००० सालच्या आवृत्तीपासून ही नोंद कोणाही प्रोग्रॅमला विचारतां येते; मॅक आणि लिनक्स यांवरही तशा सोयी आहेत. आतांच्या वेळेंतून ती वेळ वजा केली कीं हात किती काळ थांबले आहेत हें निघतें. इतकी साधी वजाबाकी. पण तिच्यांतही एक खांच आहे. विंडोजची ही नोंद यंत्र सुरू झाल्यापासूनच्या सहस्रांश सेकंदांत असते, आणि तिच्यासाठीं ठेवलेली जागा ४,२९,४९,६७,२९६ या संख्येशीं संपते. म्हणजे ४९ दिवस व १७ तासांनीं आंकडा पुन्हां शून्यापासून सुरू होतो. घड्याळाचेंही असेंच असतें. अकरा वाजतां निघालेला मनुष्य दोन वाजतां पोंचला, तर दोनांतून अकरा जात नाहींत म्हणून कोणी गोंधळत नाहीं. बाराचा फेरा धरून आपण तीन तास म्हणतों. दोन्ही वेळा त्याच घड्याळाच्या असतील तर संगणकही हें बिनचूक करतो. मात्र कित्येक प्रोग्रॅमकार 'आतां'ची वेळ न फिरणाऱ्या मोठ्या आंकड्यांत घेतात आणि शेवटच्या कळीची वेळ या फिरणाऱ्या लहान आंकड्यांत. मग जो संगणक कधीं पुरता बंद न करतां नुसता निजविला जातो, त्याच्या पन्नासाव्या दिवशीं अजब प्रकार घडतो : धनी समोर बसून भराभर टंकलेखन करीत आहे, आणि प्रोग्रॅमची खात्री पटली आहे कीं हा मनुष्य ४९ दिवसांपूर्वींच उठून गेला!

याहून महत्त्वाचा भेद पुढेंच आहे. 'धनी यंत्रापासून उठला काय?' हा एक प्रश्न, आणि 'धनी माझ्याकडे पाहत आहे काय?' हा दुसरा. हिशेबाच्या प्रोग्रॅमनें फक्त आपल्या खिडकींत पडलेल्या कळा मोजल्या, तर शेजारच्या खिडकींत पत्र लिहिणारा धनी त्याला परागंदा वाटेल. आणि संबंध यंत्राच्या कळा मोजल्या, तर आपण चार खिडक्यांच्या मागें झांकले गेलों आहोंत, आपल्याकडे तासभर कोणी ढुंकूनही पाहिलेलें नाहीं, हें त्याला उमगणार नाहीं. पहिल्या प्रश्नाचें उत्तर कारभाऱ्यास विचारावें, दुसऱ्याचें स्वतः शोधावें. ॲपलनें २०१३ पासून आपल्या मॅकमध्यें हें दुसरें काम कारभाऱ्याकडेच दिलें आहे : जी खिडकी पुरती झांकलेली आहे, जी आवाज करीत नाहीं, आणि जिनें महत्त्वाचें काम चालू असल्याचें कळविलेलें नाहीं, त्या प्रोग्रॅमला तो सक्तीनें डुलकी घ्यावयास लावतो.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. कळ वाजली नाहीं यावरून माणूस नाहीं असें म्हणतां येईल काय? आपल्याकडील भाट्ट मीमांसकांनीं आणि वेदान्त्यांनीं अनुपलब्धि, म्हणजे न दिसणें, हेंही एक प्रमाण मानलें. पण त्याला एक अट घातली. वस्तु तेथें असती तर ती खात्रीनें दिसली असती, अशा जागींच तिच्या न दिसण्याला प्रमाणाचें मोल. उजेडांत जमिनीवर घट दिसला नाहीं तर घट नाहीं. अंधारांत दिसला नाहीं तर कांहींच सिद्ध होत नाहीं. संगणकाचें अनुमान बहुतेक अंधारांतलें आहे. चाळीस पानांचा करार लक्षपूर्वक वाचणाऱ्या वकिलाचे हात स्थिर असतात. चित्रपट पाहणाऱ्या कुटुंबांत तर दोन तास कोणी कळफलकाकडे फिरकत नाहीं. सावकाश वाचणारा वृद्ध, किंवा हातांत कंप असल्यामुळें कळफलकास कमींत कमी वेळा स्पर्श करणारा रोगी, यांच्यावर या अनुमानाचा अन्याय सर्वांत अधिक होतो. उलट बाजूनेंही फसगत आहेच : टेबल हादरत असेल तर प्रकाशावर चालणारा माऊस आपोआप एखाददुसरा ठिपका सरकतो, आणि रिकाम्या खोलींतला संगणक रात्रभर 'धनी आले, धनी आले' असें समजून जागा राहतो. म्हणून काळजीपूर्वक लिहिलेला प्रोग्रॅम माऊसच्या अशा सूक्ष्म चळवळीस जमेस धरीत नाहीं.

पहिल्या जातीच्या चुकीवर उपाय असा कीं, ज्या प्रोग्रॅमला खरी हकीगत ठाऊक आहे त्यानें ती कारभाऱ्यास सांगावी. चित्रपट दाखविणारा प्रोग्रॅम सांगतो, "माझें काम संपेपर्यंत पडदा मालवूं नये." मोठी फाईल उतरवून घेणारा सांगतो, "पडदा खुशाल मालवावा, पण यंत्र झोपवूं नये." या दोन मागण्या वेगळ्या आहेत, आणि ज्याला दुसरी पुरेशी आहे त्यानें पहिली करणें हा उधळेपणा होय. दुःखाची गोष्ट ही कीं, मागणी करण्याची आठवण सर्वांस राहते, परत घेण्याची राहत नाहीं. चित्रपट मध्येंच थांबवून मंडळी जेवावयास गेली, तरी कित्येक प्रोग्रॅम आपली मागणी धरूनच बसतात. प्रोग्रॅम बंद केला कीं ती आपोआप सुटते, परंतु तो बंद करतो कोण? ज्यांच्या घरीं संगणक रात्रीं कांहीं केल्या झोपत नाहीं, त्यांनीं विंडोजच्या आज्ञापटलावर प्रशासकाच्या अधिकारानें 'पॉवरसीएफजी' ही आज्ञा 'रिक्वेस्ट्स' या पर्यायासह द्यावी. कोणता प्रोग्रॅम कशासाठीं यंत्रास जागवीत आहे याची यादी समोर येते, आणि बहुधा अपराधी एकच असतो.

मग वाट किती वेळ पाहावी? याला एक मोठें सुंदर उत्तर आहे. समजा, थांबलेली तबकडी पुन्हां वेगानें फिरविण्यास जितकी वीज लागते, तितकीच वीज ती १० सेकंद नुसती फिरत राहण्यास लागते. पुढचें काम केव्हां येणार हें कोणास ठाऊक नाहीं. अशा वेळीं १० सेकंदच वाट पाहावी आणि मग तबकडी थांबवावी. काम १० सेकंदांच्या आंत आलें तर तबकडी थांबविलीच नाहीं, तेव्हां तोटा शून्य. त्यानंतर आलें, तर वाट पाहण्याचे १० आणि पुन्हां फिरविण्याचे १० असे २० सेकंदांचे मोल गेलें. भविष्य जाणणाऱ्या एखाद्या ज्योतिषानें ती लगेच थांबविली असती, तरी त्याचेही १० गेलेच असते. म्हणजे अज्ञानाची किंमत दुपटीहून कधींच अधिक नाहीं. आणि भविष्य ठाऊक नसतांना याहून चांगली खात्री देणारा दुसरा ठराविक काळ नाहीं.

तबकडीस राग येत नाहीं, माणसास येतो. वाचतांना पडदा अचानक काळा झाला तर होणारा त्रास वॅटांत मोजतां येत नाहीं, आणि चिडलेला मनुष्य सरळ ती सोयच कायमची बंद करून टाकतो. मग मिळणारी बचतही गेली. म्हणून पायऱ्या हव्यात. प्रथम पडदा नुसता मंद करावा. हा मंदपणा म्हणजे "आपण आहांत ना?" असा दबक्या आवाजांतला प्रश्नच आहे. वाचणाऱ्यानें माऊस किंचित् हलविला कीं उत्तर मिळालें आणि उजेड परत आला. उत्तर आलें नाहीं तर कांहीं वेळानें पडदा मालवावा, आणि त्याहून पुष्कळ वेळानें यंत्र झोपवावें. जितकी पायरी खोल, तितकी परतण्यास वेळ अधिक, म्हणून तिच्यापूर्वीं वाटही अधिक पाहावी.

येथवर झालें तें मनुष्य उठून गेल्यानंतरचें. परंतु प्रोसेसरची झोप ही माणसाच्या अनुपस्थितीवर थांबून राहत नाहीं. आपण एक अक्षर टंकून दुसऱ्याचा विचार करतों, तेवढ्या अवधींत त्याच्या शेंकडो डुलक्या होतात. अखंड वेळ जितका अधिक, तितका तो गाढ झोपतो आणि तितकी वीज कमी घेतो. त्याला घड्याळाचे ठोके उठवितात. विंडोजमध्यें ते साधारणतः सेकंदास ६४ असतात. एखाद्या प्रोग्रॅमनें बारीक वेळ मागितली तर ते १,००० पर्यंत जातात, आणि २०२० पूर्वीं एकाच्या या हट्टाचा परिणाम संबंध यंत्रावर होत असे.

या ठिकाणीं निष्क्रियता ओळखणारे प्रोग्रॅमच पुष्कळदां गुन्हेगार ठरतात. नवशिका प्रोग्रॅमकार काय करतो? दर सेकंदास दहा वेळां उठून विचारतो : धनी गेला काय? धनी गेला काय? तासांत ३६,००० वेळां. घरांतील माणसें झोपलीं आहेत ना, हें पाहण्यासाठीं गुरख्यानें दर मिनिटास दार ठोठवावें, तसेंच हें. वस्तुतः यासाठीं उठण्याची गरज किती थोडी आहे पाहा. दहा मिनिटांची मर्यादा ठरविली आहे, आणि शेवटची कळ चार मिनिटांपूर्वीं वाजली. मग पुढचीं सहा मिनिटें कांहींही होवो, मर्यादा पुरी होणें शक्यच नाहीं. तेव्हां प्रोग्रॅमनें सहा मिनिटें स्वस्थ निजावें. उठल्यावर दिसलें कीं एक मिनिटापूर्वीं पुन्हां कळ वाजली आहे, तर आतां नऊ मिनिटें निजावें. मनुष्य अखंड काम करीत असेल तर तासांत सहा खेपा पुरतात. पडदा मालवला गेल्याची वर्दी तर कारभारी मागितल्यास आपण होऊन देतो. ती मिळतांच आपली चित्रें रंगविणें, दर क्षणीं बाजारभाव विचारणें, हें सर्व थांबवावें.

२००७ मध्यें इंटेल कंपनीनें लिनक्ससाठीं 'पॉवरटॉप' नांवाचें साधन काढलें. कोणता प्रोग्रॅम प्रोसेसरला सेकंदास किती वेळां उठवितो, हें तें उघड करून दाखवी. अशा हिशेबांत फार बारीक गोष्टीही येतात. लिनक्सवर खिडक्या रंगविण्याची जीटीके नांवाची जी सामग्री आहे, तिच्यांत मजकुराच्या जागीं लुकलुकणारी उभी रेघ १० सेकंद कांहीं टंकलें नाहीं तर लुकलुकणें थांबवून स्थिर उभी राहते. हजारांतील एकाच्याही हें ध्यानांत येत नसेल.

झोपेच्या वेळीं आणखी एक जोखीम असते, ती लिखाणाची. पूर्वीं विंडोजमध्यें प्रोग्रॅमला "आतां नको" असें म्हणून यंत्राची झोप अडवितां येई. व्हिस्टापासून तो अधिकार गेला. आतां झोपण्याची सूचना मिळते, आणि आवराआवरीस सुमारे दोन सेकंद मिळतात. ज्यानें दोन तासांचा मसुदा या दोन सेकंदांवर ठेवला, आणि ज्याची बॅटरी त्या रात्रीं संपली, त्याला सकाळीं कोरा पडदा भेटण्याचा संभव आहे. म्हणून मसुदा जपून ठेवण्याची योग्य वेळ म्हणजे हात थांबल्याचें प्रथम कळतें ती. झोपेची सूचना येण्याच्या कितीतरी आधींची. जाग आल्यावरही प्रोग्रॅमनें मधला काळ गेलाच नाहीं असें समजूं नये : दूरच्या यंत्राशीं असलेली जोडणी बहुधा तुटलेली असते, आणि घड्याळ आठ तास पुढें गेलेलें असतें.

हात किती वेळ थांबले, हा आंकडा विजेसाठीं जन्मास आला. पण तो दुसऱ्या बाजारांतही जाऊन बसला आहे. सप्टेंबर २०२१ मध्यें गूगलनें क्रोममध्यें अशी सोय दिली कीं, वापरणाऱ्यानें परवानगी दिल्यास संकेतस्थळासही तो यंत्रापाशीं आहे कीं नाहीं हें विचारतां यावें. निदान एक मिनिटाच्या स्तब्धतेनंतर. मोझिला व ॲपल यांनीं ती नाकारली. कोण केव्हां उठतो, केव्हां जेवतो, केव्हां निजतो याचें टिपण दूरवरच्या कोणास कां मिळावें, हा त्यांचा आक्षेप अगदीं रास्त होता. कचेऱ्यांतून तर हा आंकडा कर्मचाऱ्याच्या उद्योगाचें माप म्हणून वापरला जातो. करार वाचणारा वकील त्या मापानें आळशी ठरतो, आणि निरर्थक कळा बडविणारा उद्योगी. त्यावर लोकांनीं तोडही काढली : माऊस ठराविक वेळानें आपोआप हलविणारीं लहान यंत्रें बाजारांत मिळतात. २०२४ मध्यें अमेरिकेंतील एका मोठ्या बँकेनें कळफलक चालू असल्याचा देखावा केल्याबद्दल आपल्या दहा-बारांहून अधिक नोकरांना काढून टाकलें. असें हलवणारें यंत्र जोडून मनुष्य बाहेर गेला, तर कारभाऱ्याच्या दृष्टीनें धनी समोरच बसलेला असतो. पडदा मंद होत नाहीं, मालवत नाहीं, यंत्र झोपत नाहीं, आणि बंद घरांत तो उजेड सकाळपर्यंत तसाच जळत राहतो.